बिनआवाजाचा पिक्चर

सोलापूर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

दाक्षू,

पाकिटावरचा पत्ता मी लिवणार न्हाय, हे आदी सांगती, मग बाकीचं. पत्ता तुझा अप्पा दुकानात बसून लिवणार आणि पाकीट तितूनच पेटीत टाकणार. मी नुस्ता कागद घडी घालून त्याच्या हातात देणार. तुझ्या आईला पाकीट दिसणार बी न्हाय, आणि मी बघितलं तरी मला इंग्रजी कुटं वाचाय येतंय. तव्हा भिऊ नगंस. घर बदलल्यावर तू कुटं राहतीस ते ह्या घरात एकट्या तुझ्या अप्पाला, माझ्या महेश्वरला, ठाव हाय, आणि तो कसा हाय ते तुला सांगाय नगं. जेवताना मीठ पायजे असलं तरी तो मिठाच्या डब्याकडं नुस्ता बघत बसतो.

तू नंबर बदललास म्हणून पत्र लिवाय बसली. मी अक्कलकोटाकडच्या खेड्यातली, दोन वर्सं कानडी शाळेत गेली, तिसऱ्या वर्सी म्हस व्याली आणि माझी शाळा सुटली. मराठी अक्षरं मला तुझ्या आजोबांनी शिकवली, नव्या पेठेत. लगीन झाल्यावर सिद्रामप्पा मला एकेका दुकानासमोर उभी करायचे आणि म्हणायचे, वाच पाटी. साडीच्या दुकानाची पाटी मला पैली वाचाय आली, कारण त्यात ‘माहेर’ हा शब्द होता. माणसं मागनं ढकलत जायची आणि आमी दोघं पाटीकडं तोंड करून उभे. त्यामुळं माझं लिवणं पाटीसारखं हाय, मोठं मोठं आणि वाकडं. समजून घे.

तू आईशी बोलत न्हाईस त्याला पाच महिने झाले. का बोलत न्हाईस ते मला ठाव हाय. त्यावर आज मी काय बी म्हणणार न्हाय. मी गमतीचं सांगाय बसली हाय.

तो लाल मोटारसायकलचा पिक्चर आठवतोय का? त्याचं खरं नाव काय असंल ते असो, आपल्या घरात त्येच नाव. तुझ्या आईनं लग्नाआदी मैत्रिणींबरोबर तो थेटरात इतक्यांदा बघितला की दारावरचा माणूस तिला ओळखायचा. मग सीडी आणली. तू त्याच्या गाण्यावर गणपतीच्या स्टेजवर अप्पाचा काळा चष्मा घालून नाचलीस आणि चष्मा नाकावरनं घसरून खाली पडला, तरी थांबली न्हाईस. दर दिवाळीला आपण तिघी तो लावायचो. तू हिरो, विकी व्हायचीस, तुझी आई हिरॉईन, नीता, आणि मी बाकी सगळी गर्दी.

औंदा दिवाळीला लावला न्हाय. तू न्हवतीस, मग कोण लावतंय.

आता दिवाळी झाल्यावर कडक भाकरीचं काम परत सुरू झालंय. दुकानवाले मागं लागलेत. सकाळी दोघी बसतो, मी थापती, तुझी आई तव्यावर फडक्यानं दाबून दाबून वाळवती. तिचं तोंड तव्याकडं आणि माझं तिच्याकडं. बोलायला विषय एकच आणि तोच काढायचा न्हाय. शेवटी मी म्हणलं, ‘शिवलीला, लाव की तो पिक्चर.’ ती म्हणली, ‘अत्ती, सीडीचं मशीन कदीच मोडलं.’ तुला म्हाईत हाय, तुझी आई माझ्या सख्ख्या भावाची लेक, म्हणून सासू झाली तरी मी तिची अत्तीच. मग महेश्वरनं मोबाईलला वायर जोडून टीव्हीवर लावून दिला. चित्र आलं, पण आवाज येईना. त्यानं वायर काढली, फुंकली, परत लावली. आवाज न्हाय ते न्हायच. ‘संध्याकाळी बघतो’ म्हणला आणि दुकानाला गेला.

आमी म्हणलं, आवाज कशाला पायजे, सगळं पाठ हाय की. मग मी विकी झाली, माझा आवाज तंबाखूनं आदीच बसलेला, आणि तुझी आई नीता. तिकडं त्यांची तोंडं हलत्यात, हिकडं आमी बोलतोय. लई हसलो बघ. त्या विकीला आपण कॉलेजातला पोरगा समजत होतो व्हय गं? आता नीट बघितलं तर कानापाशी केस पिकलेत. तीन वर्सं नापास झालाय म्हणं, मला वाटतं वीस वर्सं झाला असंल. आणि नीताची ती जाडी मैत्रीण, तिला पिक्चरमधी नाव बी न्हाय, सगळे ढोल म्हणतात. ती पडली की मी पोट धरून हसायची. औंदा हसाय आलं न्हाय. सगळ्यात शाणी तीच हाय की. जिथं तिथं नीताचा हात धरून म्हणती, चल हितनं.

मग बसचा सीन आला. विकी बससमोर मोटारसायकल आडवी घालतो, आत चढतो, नीताची ओढणी धरतो आणि सगळी बस टाळ्या वाजवत गाणं म्हणती. आपण बी वाजवायचो. पण ह्या येळी गाणंच न्हवतं. नुस्ती तोंडं उघडझाप करणारी माणसं आणि मधी ती पोरगी.

मी म्हणलं, ‘शिवलीला, ती रडतीय की गं.’

‘लाजतीय, अत्ती.’

‘लाजताना नाक पुसतेत व्हय?’

तुझी आई बघत राहिली. गाणं असताना आपल्याला त्या पोरीचं तोंड कदी दिसलंच न्हवतं, दाक्षू. मग ती उठली आणि ‘भाकरी करपतीय’ म्हणून टीव्ही बंद केला. तव्यावर भाकरी न्हवती.

नीट जेवत जा. रात्रीचा भात खाऊ नगंस, तुला सर्दी होती.

तुझी अज्जी
निंगव्वा


सोलापूर
मंगळवार, १८ नोव्हेंबर

दाक्षू,

तुझं उत्तर आलं न्हाय. त्याचा राग न्हाय, मी आपली लिवत राहते. मला आता ह्याची गोडी लागलीय. शेजारणीला सांगितलं, मी पत्र लिवती, तर ती म्हणली, ‘अज्जी, तुमाला लिवाय येतं?’ मी म्हणलं, ‘तुला मोबाईलवर बोट फिरवाय येतं तसं मला येतं.’

महेश्वरची दाढ दुखतीय. डॉक्टरकडं चल म्हणलं की मान हलवतो, आणि ती मान होकाराची का नकाराची हे अजून कुणाला कळलेलं न्हाय. वायर मात्र त्यानं अजून बघितली न्हाय. मी बी परत म्हणलं न्हाय. मला बिनआवाजाचंच बरं वाटाय लागलंय.

तुझ्या आईनं आठवडाभर पिक्चरचं नाव काढलं न्हाय. काल सकाळी आपली आपण उठून लावला. मला म्हणली, ‘तुमी व्हा विकी.’

म्हणून मी विकी झाली. आणि दाक्षू, विकीचं बोलताना माझ्या ध्येनात आलं, ह्या माणसाला एकच बोलणं येतं. तू माझी हायस. तू माझीच हायस. बघतो कशी होत न्हाईस. आणि नीताचं बोलणं बी एकच. सोड मला. जाऊ दे. माझ्या मागं येऊ नगंस. तुझी आई म्हणत होती, ‘सोड मला’, आणि फडक्यानं भाकरी दाबत होती. परत म्हणली, ‘जाऊ दे.’ मग आणि एकदा. किती येळा म्हणती गं ती पोरगी. आपण ऐकताना ती सगळी गाण्याच्या मधली बडबड वाटायची. सोत्ताच्या तोंडानं म्हणाय लागलं की कळतं. तुझ्या आईचा आवाज हळू हळू खाली गेला.

पुढचं तुला म्हाईत हाय. नीता कटाळून परीक्षेच्या अभ्यासाला डोंगरातल्या मावशीकडं जाती, कुणाला न सांगता. विकी तिच्या घरी येतो आणि उन्हात उंबऱ्यावर बसतो, पाणी बी पीत न्हाय. मग नीताची आई बाहीर येती, त्याच्या डोक्यावरनं हात फिरवती आणि मावशीचा पत्ता लिवून देती. म्हणती, पोरीचं नशीब मोठं, असा जीव लावणारा मिळाला.

आता ह्या सीनला मी विकी, मग नीताची आई कोण? तिसरं माणूस न्हाय. मी तुझ्या आईकडं बघितलं. तिला ते बोलणं पाठ हाय, ह्या सीनला ती नेहमी डोळे पुसायची. तिनं तोंड उघडलं. आवाज आला न्हाय. टीव्हीतली बाई बोलत होती, हात फिरवत होती, कागदावर लिवत होती, आणि आपल्या घरात कुणीच काय बोलत न्हवतं. तव्यावरची भाकरी खरंच करपली ह्या येळी.

करपलेली भाकरी खाली काढून ती म्हणली, ‘अत्ती, ह्या बाईनं पोरीला फोन करून विचारलं का न्हाय?’

मी म्हणलं, ‘तव्हा सगळ्यांकडं फोन कुटं होते.’

‘माझ्याकडं होता की.’

आणि मग तिनं मला सगळं सांगितलं. मी तव्हा माहेरी जत्रेला गेली होती, म्हणून मला अर्धंच ठाव होतं. युवराज टेंभुर्णीवरनं आला आणि आपल्या पायरीवर बसला. तू त्याला न्हाय म्हणलेलीस, तिनं ऐकलेलं होतं. तो तुझ्या कॉलेजबाहीर उभा राहायचा, मग हापिसाबाहीर, म्हणून तू पुण्याला नोकरी धरलीस, हे बी तिला ठाव होतं. पण तो उन्हात बसला, दाक्षू. तिनं पाणी दिलं तर नको म्हणला. आणि तिला वाटलं, हे तर आपण बघितलंय. तिनं पत्ता दिला, आणि वर भाकरीचं गाठोडं बांधून दिलं, तुझ्यासाठी, तिच्या हिरव्या इरकल साडीच्या फडक्यात.

तू दाराच्या भोकातनं बघितलंस तव्हा तुला ते फडकं दिसलं, आणि आई आली म्हणून तू दार उघडलंस, तर समोर तो. हे तू अप्पाला फोनवर सांगितलंस आणि अप्पानं ते आईला सांगितलं, तेवढंच एक वाक्य. तुझ्या आईला ते वाक्य पाठ हाय. मला म्हणून दाखवलं. ‘फडकं दिसलं म्हणून दार उघडलं.’

ती रडली. मी बी. मग मी विचारलं, ‘असं का केलंस गं?’ मला खरंच कळत न्हवतं. ती काय खुळी बाई न्हाय.

ती म्हणली, ‘अत्ती, माझ्यासाठी कुणी कदी उंबऱ्यावर बसलं न्हाय.’

तू ऐकलेलंच असशील, मी तिला पाळण्यात असतानाच मागून ठेवली होती. भावाची पोरगी, पैला हक्क आत्याचा, आमच्यात असंच चालतं. तिच्या कानात नाव सांगितलं आणि त्याच दिवशी मी तिच्या मनगटाला काळा दोरा बांधला, ही माझ्या महेश्वरची. शाळेला जाताना, लपंडाव खेळताना, सगळीकडं ती महेश्वरचीच. लग्नात तिनं त्याच्याकडं बघून तोंड वाकडं केलं, कारण ल्हानपणी त्यानं तिची पेन्सिल मोडलेली. ती हितं आली आणि मला लेकीसारखी झाली, त्यात वाईट काय झालं असं मला अजून बी वाटत न्हाय. पण तिला कुणी विचारलं न्हाय, हे खरं हाय. महेश्वरला बी कुणी विचारलं न्हाय. तिला वाटायचं, कुणीतरी आपल्यासाठी बस आडवावी. ते तिला मिळालं न्हाय म्हणून तिनं ते तुझ्यासाठी धाडलं. चांगलं म्हणून धाडलं गं. ते चांगलं न्हवतं, तो भाग निराळा.

तू तिला माफ कर असं मी लिवत न्हाय. तसं लिवायला मी बसलीच न्हाय. काय झालं तेवढं सांगती.

शेंगाची चटणी औंदा तिखट झालीय. महेश्वर खातो आणि डोक्याला घाम येतो, पण सांगत न्हाय.

अज्जी


सोलापूर
गुरुवार, २७ नोव्हेंबर

दाक्षू,

आज वाचायला येळ घेऊन बस, मोठं सांगायचंय. आमी टेंभुर्णीला जाऊन आलो.

परवा सकाळी तुझी आई नवं लुगडं नेसून तयार. म्हणली, ‘अत्ती, येता का माझ्याबरोबर?’ मी विचारलं कुटं, तर नुस्तं ‘टेंभुर्णीला.’ मी तंबाखूची पिशवी कमरेला खोचली आणि निघाली. एसटीत खिडकी मिळाली. मला तर कुटं बी जायला आवडतं, सोलापूर सुटलं की माझं तोंड सुरू होतं, पण त्या दिवशी तुझ्या आईकडं बघून मी गप बसली. ती मनातल्या मनात काहीतरी पाठ करत होती.

युवराजचं घर हायवेच्या आत हाय, दारात दोन ट्रक. त्याची आई हसतच बाहीर आली. ‘या या, विहीणबाई, कळवायचं तरी.’

तुझी आई उंबऱ्याबाहीरच उभी. म्हणली, ‘विहीणबाई म्हणू नका. तेच सांगायला आलीय.’

त्या बाईचं हसू तसंच तोंडावर राहिलं, काढायचं कुटं ते तिला कळंना. आत घेतलं, चहा टाकला. युवराज आला आणि आमच्या पाया पडला. पोरगा दिसायला बरा हाय, खोटं कशाला बोलू. म्हणला, ‘काकू, मी तिला काय त्रास दिला? भेटायला तर गेलो.’

‘तिनं बोलवलं होतं?’

‘पत्ता तुमीच दिला की.’

मला वाटलं, आता ही बसती खाली. पण न्हाय. म्हणली, ‘व्हय, मीच दिला. तो पत्ता माझा न्हवता, मला द्यायचा हक्क न्हवता. तिनं तुला न्हाय म्हणलं, परत परत म्हणलं. तू ऐकलं न्हाईस आणि मी बी ऐकलं न्हाय. मला आता ऐकू आलंय. तुला कदी येणार?’

युवराजची आई मधीच म्हणली, ‘एवढं काय झालं वो? पोरं ह्या वयात अशीच असत्यात. जीव लावतोय, वाईट तर करत न्हाय.’

तितं मात्र मला गप बसवंना. मी म्हणलं, ‘बाई, तुमच्या ट्रकसमोर कुणी गाडी आडवी घालून म्हणला, माझा ह्या ट्रकवर लई जीव हाय, तर तुमी त्याला चहा पाजणार का चावी देणार?’

आतल्या खोलीत युवराजचा बाप होता, तो खोकला. मला वाटतं हसला आणि खोकल्यात घातलं. बाहीर आला आणि पोराला म्हणला, ‘ऐकलंस ना? झालं मग.’

तुझी आई उठली. जाता जाता म्हणली, ‘युवराज, परत तिच्या दारात गेलास तर ती पोलिसात जाईल. आणि ह्या येळी मी तिच्या बाजूला उभी असंन.’ सगळे शब्द आले. हेच ती एसटीत पाठ करत होती.

तो म्हणला, परत जाणार न्हाय. खरं बोलला का ते मला सांगता येत न्हाय, माणसाच्या पोटात कुणी शिरलंय. तू आपली सावध राहा. पण त्याच्या आईबापासमोर झालंय, आता त्याला म्हणता येणार न्हाय की मला कुणी सांगितलं न्हाय.

चहा आमी प्यालो न्हाय. बाहीर आल्यावर मला पश्चात्ताप झाला, चहाचा वास चांगला येत होता. स्टँडवर प्यालो. तुझी आई दोन कप प्याली. बशीत वतून दिला मी.

घरी आल्यावर महेश्वरला मीच सगळं सांगितलं, ट्रकचं दोनदा सांगितलं. तो ऐकत राहिला. मग खिशातनं एक चिट्ठी काढली आणि तुझ्या आईसमोर धरली. म्हणला, ‘शिवू, घे. दाक्षूचा पत्ता.’

तुझ्या आईनं हात पदराखाली घेतले, दाक्षू. म्हणली, ‘नको. तुमच्याजवळच ऱ्हाऊ दे. तिनं दिला तर घेईन.’

महेश्वरनं चिट्ठी परत खिशात ठेवली. मी हे सगळं बघितलंय, तंबाखूची शपथ.

अज्जी


सोलापूर
सोमवार, ८ डिसेंबर

माझ्या दाक्षू,

तुझा निरोप आला. अप्पाच्या मोबाईलवर तू लिवलंस ते त्यानं मला जेवताना वाचून दाखवलं आणि मी हातातला घास खाली ठेवला. ‘अज्जीला सांग, त्या जाड्या मैत्रिणीला नाव नव्हतं ना, मी ठेवलं. तिचं नाव निंगव्वा.’ अगं, मी इतकी हसली की मला ठसका लागला आणि तुझ्या आईनं पाठीवर थापट्या मारल्या. मग तिला बी कळलं का हसती ते, आणि ती बी हसली. तुझ्या बोलण्यावर, सहा महिन्यात पैल्यांदा. मी आता गल्लीत सगळ्यांना सांगती, मी पिक्चरमधी हाय.

तू आणि एक विचारलंस, पिक्चर पुरा बघितला का. न्हाय बघितला. शेवटी काय होतंय ते ठावच हाय, ती हॉस्पिटलात जाऊन त्याचा हात धरती. तुझी आई म्हणली, ‘अत्ती, तितं मी नीताचं बोलणार न्हाय.’ मी म्हणलं, मग मला बी विकी व्हायचं न्हाय. तव्हापासून आमी भाकरी करताना रेडिओ लावतो. पण खरं सांगू का, त्या पिक्चरची मला चीड येत न्हाय. तुझा चष्मा त्याच्यात पडलेला हाय. आपण तिघी त्याच्यात हाय. तो चांगला न्हवता आणि आपण त्यात सुखात होतो, दोन्ही खरं.

आता महेश्वरचं ऐक. शनिवारी दुकानातनं येऊन दारातच उभा राहिला, चप्पल काढंना. तुझ्या आईला म्हणला, ‘शिवू, उद्या सुट्टी हाय. माझ्याबरोबर बागेत फिराय येतीस का?’ सव्वीस वर्सांत ह्या माणसानं तिला कदी येतीस का म्हणलं न्हाय, ‘चल’ म्हणायचा आणि पुढं निघायचा. तुझ्या आईनं काय म्हणावं? म्हणली, ‘विचार करून सांगते.’ आणि सैपाकघरात येऊन माझ्या खांद्यात तोंड घालून हसाय लागली. बिचारा तोवर चप्पल घालूनच उभा. गेली मग. भेळ खाऊन आले. त्याला दाढेमुळं चावता आली न्हाय.

एवढं सगळं लिवून झालं आणि खरं काम राह्यलंच.

हे पत्र लिवताना तुझी आई माझ्यासमोर बसली हाय. सकाळपासनं कागद घेऊन बसलीय. आदी दोन पानं भरून लिवली आणि फाडली. मग एक पान, ते बी फाडलं. मला म्हणली, ‘अत्ती, लई लिवलं की ते सगळं मी का केलं त्याचंच होतंय.’ मी म्हणलं, मग तेवढं सोडून उरतं काय ते लिव. तिनं माझा पेन घेतला. हे खालचं तिचं अक्षर हाय, माझ्यापेक्षा बरं हाय, ती दहावी हाय.

दाक्षू, तुला बघायला यावंसं वाटतंय. येऊ का? आई

आता परत मी. तिनं लिवलेलं मी वाचलं, वाचणार न्हवती पण डोळे गेले. तू लगेच सांग असं न्हाय. पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात, उन्हाळ्यात, कदी बी. ‘ये’ म्हणलीस तर ती पत्ता तुझ्याकडनंच घेईल. नको वाटत असंल तर ‘नको’ लिव, एवढाच शब्द, खाली सही बी करू नगंस. त्याच्या मागं आमी काय शोधणार न्हाय, राग हाय का लाज हाय का मनात दुसरंच हाय. तुझं ‘नको’ आलं तर ह्या घरात आमी तिघं मिळून ते ‘नको’च वाचू.

तुझी अज्जी